अनामिकेचं हाड

नोकरीच्या पहिल्याच दिवशी सरांनी माझ्या पोराचे सगळे दात काढले. बत्तीसच्या बत्तीस. मी चहा घेऊन जागेवर येईपर्यंत काम उरकलं होतं आणि माझा चेहरा बघून सर स्वतःच दात काढत होते.

पोरगं पडद्यावरचं होतं, हे आधी सांगितलेलं बरं. जुन्या पनवेलात एका गादीवाल्याच्या दुकानावर दोन खोल्यांत आमचा स्टुडिओ होता. तिथं आम्ही कॉम्प्युटरवरच्या बाहुल्या करायचो. आधी जाळीचं शरीर, त्याच्या आत हाडांचा सांगाडा, वरून कातडीची आणि कपड्यांची चित्रं. हाड फिरवलं की हात फिरतो, मान डोलते, बाहुली चालू लागते. स्वस्तातले टॅब्लेट तेव्हा नुकतेच शाळांमधून दिसू लागले होते आणि त्यांचा जीव एवढासा. बाहुली जड झाली की टॅब्लेट आधी तापायचा आणि मग मख्खासारखा बसून राहायचा. त्यामुळे बाहुल्या करणारे आम्ही चौघं आणि त्यांचं वजन उतरवणारे सर एकटे, अशी वाटणी होती.

दात गेले ते पोरगं मी कोर्सच्या परीक्षेसाठी केलं होतं आणि नमुना म्हणून मोठ्या ऐटीत बरोबर नेलं होतं. मी रडकुंडीला आले.

"सर, दात का काढलेत? दोन दिवस लागले होते मला!"

"तोंड उगडतंय का तुजं पोरगं?"

"नाही. ओठ मिटूनच हसतं."

"मंग आतलं बगतंय कोन?"

संध्याकाळपर्यंत बुटातली पावलं गेली, शर्टाखालचं पोट गेलं, टोपीखालचं डोकं गेलं. बाहेरून पोरगं होतं तस्संच. अडतीस एमबीचं होतं, ते सहावर आलं. सरांनी पडद्यावर बोट टेकवलं, जरा दाबल्यासारखं केलं आणि म्हणाले, "अजून ओलं हाय, बाय. एक ऊन लागंल."

सर उरणकडच्या कोळीवाड्यातले. त्यांची आई सुकी मासळी विकायची. सर बरीच वर्षं न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात होते आणि तिथंच कधीतरी कॉम्प्युटरच्या नादी लागले. पदवी वगैरे काही नव्हती, तरी आम्ही त्यांना सर म्हणायचो आणि पाठीमागे सुकटमास्तर. त्यांना ते ठाऊक होतं. जगातल्या सगळ्या गोष्टी त्यांच्या लेखी दोनच जातींच्या होत्या, ओल्या आणि सुक्या. फाइल ओली असायची, मीटिंग ओली असायची, मालकांचं इंग्रजी तर अगदीच ओलं. आमच्या धंद्यातले लोक फाइल 'ऑप्टिमाइझ' करतात. सर ती सुकवायचे. "बोंबलात निम्म्याच्या वर नुसतं पानी असतंय," ते सांगायचे. "पानी काडायचं, बोंबील ठेवायचा. आनि खानाऱ्याला कललं नाय पायजे काय गेलं ते."

कामाला किती वेळ लागेल, हेही ते उन्हातच सांगायचे. आमचे मालक तसे हौशी गृहस्थ. भिंतीवरच्या मोठ्या पांढऱ्या फळ्यावर प्रत्येक कामापुढे तास लिहायची त्यांना फार आवड. ते विचारायचे, "सर, टेन्टेटिव्हली किती अवर्स?" सर म्हणायचे, "दोन ऊन." पहिले काही महिने मालकांनी वाद घातला. पुढे फळ्यावर आमच्या नावांपुढे तास आणि सरांच्या नावापुढे ऊन, असा सरळ हिशेब सुरू झाला. एकदा कुणी पाहुणे आले होते. त्यांनी फळा बघून विचारलं, की तुमच्याकडे सोलरचंही काम चालतं का?

स्वतःलाही त्यांनी बरंच सुकवलं होतं. शर्टाचा खिसा वापरत नाही म्हणून उसवून टाकलेला. चपलेचा मागचा पट्टा कापलेला. वर्तमानपत्र ते कडेची कोरी पट्टी फाडून मगच वाचायला घ्यायचे. त्यांच्या स्कूटरला आरसे नव्हते. एकदा पळस्प्याच्या नाक्यावर हवालदारानं अडवून विचारलं, आरसे कुठायत? सर म्हणाले, "सायेब, मी मागं जात नाय." त्या एका वाक्यापायी त्यांना तिथं पाऊण तास उभं राहावं लागलं. पण हे सांगतानाही आपलं काही चुकलं असं त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसलं नाही.

सगळ्यात छळ व्हायचा तो त्यांच्या एसेमेसचा. त्यांच्या बटनांच्या फोनवर काना, मात्रा, वेलांटी यांसाठी वेगळी बटनं दाबावी लागत. सरांनी ती सोडूनच दिली होती. "अक्षरं मी देतो, मात्रा तुमी लावा," असं त्यांचं म्हणणं. 'उशर हईल' म्हणजे उशीर होईल. 'वज नय' म्हणजे वीज नाय. 'यतो' म्हणजे येतो. हा 'तो'चा काना-मात्रा ते का ठेवायचे, हे मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "नायतर तुमी यत वाचाल, आनि मी यतो की यत नाय, ते कसं कलंल?" एकंदरीत त्यांच्या उधळेपणालाही शिस्त होती.

रजेचा कागदावरचा अर्ज तर दोनच शब्दांचा असायचा. 'रजा. आय.' मालकांनी पहिल्यांदा तो वाचला आणि केबिनमधून ओरडले, "आय म्हणजे तुम्हीच ना? ते कळलं, पण कारण काय?" सर दारात उभे राहून शांतपणे म्हणाले, "आय म्हंजे आय. माजी आय." बोंबलाच्या हंगामात आईला हातभार लावायला ते दोन-चार दिवस जायचेच. परत आले की बोटांना मासळीचा वास असायचा आणि तो आमच्या कीबोर्डांना लागायचा. मालक शाकाहारी होते. ते उदबत्ती लावायचे. उदबत्तीच्या धुरात सर आणखी दोन शिंका जास्त द्यायचे, मुद्दाम.

सरांची चैन एकच होती, आणि ती मला जरा उशिरा सापडली. मी एक बाहुली गोल फिरवून बघत होते, तेव्हा तिच्या डाव्या कानामागे काहीतरी काळपट दिसलं. जवळ जाऊन बघितलं, तर बोंबील! नखाएवढा सुका बोंबील, जबडा उघडा टाकलेला. त्याची स्वतःची एवढीशी जाळी, स्वतःचं एवढंसं चित्र. मग मी दुसरी बाहुली उघडली, तिसरी उघडली. पोलीस, भाजीवाली, माकड, सगळ्यांच्या कानामागे तोच.

"सर, हे काय आहे?"

"हल्लू बोल. तीट हाय."

"बोंबलाची?"

"आमच्याकडं काजलापेक्षा बोंबील जास्त."

"पण तुम्हीच म्हणता ना, बगतंय कोन?"

सर पहिल्यांदाच अडकलेले मी बघितले. त्यांनी डोकं खाजवलं, खिडकीबाहेर बघितलं. खालून एक कंटेनर चालला होता आणि खिडकीच्या काचा थडथडत होत्या. तो जाईपर्यंत त्यांनी उत्तर शोधलं. "दिष्ट लावनारा बगतंय," ते म्हणाले आणि मला कामाला लावलं.

आता बारक्याकडे येते. बारक्या हा माझा पहिला खरा मुलगा. पुण्याच्या एका कंपनीला शाळांसाठी स्वच्छतेचे धडे हवे होते आणि त्यातला नायक मला मिळाला होता. वर्गात बसलेला पोरगा बाईंकडे परवानगी मागतो, बाहेर जाऊन येतो आणि साबणानं हात धुतो, एवढीच गोष्ट. अट एकच होती. अख्खा बारक्या दोन एमबीच्या आत. मी तेव्हा तीन महिन्यांच्या बोलीवर होते आणि तिसरा महिना संपत आला होता. मालकांनी स्वच्छ सांगितलं होतं, "बारक्या पास, तर तू पर्मनंट. नाही तर सॉरी." घरी वडिलांनी तळोज्याच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या खात्यात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. ते रोज जेवताना त्या खात्यातल्या पंख्यांचं कौतुक करायचे. मला त्या पंख्यांखाली जायचं नव्हतं. मला हाडं बसवायची होती, पोरं चालवायची होती. ही नोकरी गेली असती, तर मला पनवेलात दुसरं कुणी हे काम देणार नव्हतं आणि मुंबईला एकटीला घरचे पाठवणार नव्हते.

सरांनी बारक्या दोन उन्हांत सुकवून दिला. बोटांची तीन-तीन हाडं होती, ती एकेक केली. "बोटाला एक पुरे," म्हणाले. कानामागे तीटही लावून झाली. शेवटची चित्रं घालायचं काम माझ्यावर टाकून ते रजेवर गेले. रजा, आय. आणि पुण्याच्या त्या कंपनीतल्या मॅडम बारक्याला बघायला यायच्या होत्या, त्या शुक्रवारी सकाळी मी फाइल तपासली, तर ती दोन एमबीच्या चिमूटभर वर. खिशाचं चित्र मी जरा जास्तच झोकात रंगवलं होतं. ते चित्र बारीक करायचं सोडून मी सरांसारखी हुशारी करायला गेले. काय काढू? बगतंय कोन? हातावर नजर गेली. अंगठा लागतो. तर्जनी लागते. मधलं बोट सगळ्यात उंच, ते गेलं तर दिसेल. करंगळी कडेला आहे. राहिली अनामिका. जिला धड नावसुद्धा नाही, तिच्याकडे कोण बघतंय? मी अनामिकेचं हाड काढलं, तिची कातडी शेजारच्या करंगळीच्या हाडाला चिकटवली आणि फाइल दोन एमबीच्या आत घसरली. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला, की मी वडापाव मागवला.

सर अकराच्या सुमारास आले, बोटांना वास घेऊन. पाठोपाठ मॅडम आल्या. खादीची साडी, चष्मा साखळीला लावलेला, बोलणं असं, की आपण आपोआप ताठ बसावं. मालकांनी टॅब्लेट त्यांच्यापुढे धरला.

बारक्या बाकावर बसला होता. छान बसला होता. बाईंकडे बघून तो उभा राहिला, हात वर केला, मूठ मिटली आणि करंगळी उभी केली. करंगळीबरोबर अनामिकाही दिमाखात उभी राहिली.

मॅडमनी चष्मा चढवला. "हा मुलगा दोन बोटं का दाखवतोय?"

 मराठी शाळेत गेलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. करंगळी म्हणजे एकी. दोन बोटं म्हणजे दुकी. मी स्वतः चौथीपर्यंत रोज न चुकता करंगळी दाखवलेली बाई, आणि मीच त्या पोराला भलत्या कामाला पाठवलं होतं.

मालक इंग्रजी शाळेतले. ते उत्साहानं म्हणाले, "व्हिक्टरी, मॅडम! पॉझिटिव्ह अ‍ॅटिट्यूड!"

"वर्गात? बाईंना?" मॅडम म्हणाल्या. "करंगळी ठरली होती. लेखी दिलंय मी. हे बोट कुणी बिघडवलं?"

मी तोंड उघडलं. त्याच्या आत सर बोलून मोकळे झाले होते.

"मी. मीच काडलं, मॅडम."

"का?"

मला सर चांगले ओळखू यायला लागले होते. आता ते खिडकीकडे बघणार, हे मला कळलं, आणि त्यांनी बघितलं. खालून काहीच जात नव्हतं, त्यामुळे वेळ थोडा मिळाला. मग ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, धडा साबनानं हात धुवायचा हाय ना?"

"हो."

"एकीला जाऊन कंचं पोरगं साबनानं हात धुतंय? तुमी खरं सांगा. म्हनून त्याला दुकीला पाटवलाय."

 मालकांनी डोळे मिटून घेतले होते. मॅडम बराच वेळ टॅब्लेटकडे बघत राहिल्या. बारक्या परवानगीची वाट बघत दोन बोटं वर करून उभाच होता. मग मॅडमच्या खांद्यांना काहीतरी व्हायला लागलं. आधी वाटलं, खोकला. पण त्या हसत होत्या. साखळीचा चष्मा नाकावरून घसरून छातीवर आपटेपर्यंत हसल्या, आणि मालकांना वाटलं आपणही हसावं, म्हणून तेही हसले.

"मुद्दा बरोबर आहे," डोळे पुसत मॅडम म्हणाल्या. "पण एकीसुद्धा हवी. मुलांनी दोन्हीनंतर हात धुवायला हवेत. सोमवारी दोन्ही दाखवा. आणि दोन एमबीच्या वर एक कणही गेला तर मी घेणार नाही."

त्या गेल्यावर सरांनी मला जिन्यात गाठलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"बाय, एक काम कर. करंगली दाकव मना."

मी दाखवली.

"बाजूचीला काय करतेस?"

बघितलं, तर माझी अनामिका खाली वाकून अंगठ्याखाली दबून बसली होती.

"तिला खाली बसाय लागतंय, तवा ही एकटी उबी ऱ्हातंय," सर म्हणाले. "तिचं कामच त्ये. म्हनून ती दिसत नाय. दिसत नाय म्हंजे नको हाय, असं थोडंच हाय?"

"पण सर, तुम्हीच तर म्हणता..."

"मी म्हनतो बगतंय कोन. तू विचारलंस का सगल्यांना?" एवढं बोलून ते हसले आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. टपलीला बोंबलाचा वास होता.

सोमवारी सकाळी बारक्या एकीला गेला, दुकीला गेला आणि दोन्ही वेळा हात धुऊन आला. अनामिका परत आली होती. ती परत आल्यावर वजन पुन्हा वर गेलं असणार, हे मला कळत होतं. खिशाचं चित्र मी बारीक केलं होतं, पण एकीची आणि दुकीची अशा दोन वेगळ्या हालचाली आता त्यात होत्या, त्यामुळे ते पुरणार नव्हतं. तरी फाइल दोन एमबीच्या आत होती. अगदी केसभर.

"काय काढलंत, सर?" मी विचारलं.

"व्हतं जरा ओलं," ते म्हणाले आणि वर्तमानपत्राची कडेची पट्टी फाडायला लागले.

मी कायम झाले. वडिलांनी पंख्यांचा विषय सोडला. सर त्यानंतर दोनेक वर्षं होते. एका सकाळी मालकांच्या फोनवर त्यांचा एसेमेस आला, 'यतो'. मालक आम्हाला म्हणाले, "येतायत, त्यांच्यासाठी थांबू, मग मीटिंग सुरू करू." आम्ही थांबलो. साडेअकरा झाले, बारा झाले. फळ्यावर त्यांच्या नावापुढे तीन ऊन लिहिलेलं होतं. दुपारी कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला, की आपल्यात निघतानाही माणूस 'येतो'च म्हणतो. आईला आता एकटीला झेपत नव्हतं, म्हणून ते गावी गेले ते गेलेच. मालकांना वाईट वाटलं. पण कळवलं नाही असं त्यांना म्हणता येईना, कारण कळवलेलं तर होतं. फळ्यावरचं ते तीन ऊन त्यांनी बरेच दिवस पुसलं नाही.

मधे पुष्कळ वर्षं गेली. स्टुडिओ बंद झाला. मी दुसरीकडे लागले आणि आता माझ्या हाताखाली सहा जण हाडं बसवतात. परवा घर आवरताना जुनी हार्डडिस्क सापडली. ती चालू झाली, याचंच मला आश्चर्य वाटलं. मी एकेक बाहुली उघडली आणि सवयीनं मान फिरवून डाव्या कानामागे बघितलं. पोलिसाच्या कानामागे बोंबील. भाजीवालीच्या कानामागे बोंबील. माकडाच्या कानामागेसुद्धा.

बारक्याच्या कानामागे काही नव्हतं.

मी दोनदा बघितलं. उजवा कानही बघितला. शुक्रवारची जुनी फाइल उघडली, तिच्यात बोंबील होता, जबडा उघडा टाकून. सोमवारच्या फाइलीत कान नुसता कोरा. अनामिका मात्र जागेवर होती, खाली वाकून बसलेली. मग मला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन आलं. सहा जणांची बॉस असलेली बाई हार्डडिस्कपुढे बसून एका बोंबलासाठी रडत होती.

सरांचा जुना नंबर माझ्याकडे होता. चालू असेल की नाही, काय माहीत. मोठं काहीतरी लिहायला घेतलं, आभारबिभार, आणि मग सगळं पुसलं. शेवटी 'मी बघितलं' एवढंच लिहिलं, आणि त्यातल्याही मात्रा, वेलांट्या काढून टाकून पाठवलं.

'म बघतल.'

पाच मिनिटांत उत्तर आलं. कुणाचं, हे विचारायची गरजच नव्हती.

'अजन ओल हयस बय.'

मात्रा मी लावल्या.